रात्रीचे तिखले, सकाळची उकळी

(दृश्य : मालवणचा किनारा. रापण ओढली जात आहे.)

होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घालत जाळे सोडलेले असते आणि त्याचे दोन्ही दोर वाळूवर उभ्या असलेल्या माणसांच्या हाती असतात. ओढता ओढता या दोन रांगा एकमेकींच्या जवळ सरकत येतात आणि जाळ्याचा खोलगट भाग वाळूला टेकला, की त्यात बांगडे आणि तारल्या उसळताना दिसू लागतात. वाटणी इथेच, उन्हात, वाळूवर होते. स्वयंपाकघरात रात्रभर राहणाऱ्या तिखल्याची, म्हणजे माशांच्या दाट कालवणाची, गोष्ट किनाऱ्यावरून सुरू करण्याला कारण आहे.

बांगड्याच्या मांसात हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा मेल्यावर त्याच्या कल्ल्यांतील आणि आतड्यांतील जिवाणू मांसात पसरतात आणि उष्ण हवेत या आम्लाचे हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारे रसायन, बनवू लागतात. तारली, सुरमई आणि कुपा या माशांनाही हा धोका आहे. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही आणि गोठवूनही जात नाही. शिवाय मासा दिसायला आणि वासाला चांगला असतानाही ते त्यात असू शकते. आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने अशा माशांसाठी त्याची मर्यादा किलोमागे 200 मिलिग्रॅम ठेवली आहे.

(दृश्य : मासळीबाजार. बर्फाचा चुरा, पाट्या.)

या बाईंच्या पाटीत माशांच्या खाली बर्फ आहे आणि वरही आहे. बर्फाला पैसे पडतात, तो वितळतो, आणि गिऱ्हाईक घासाघीस करताना त्याचा हिशेब कधी धरत नाही. तरीही घरच्या कालवणाची निम्मी राखण या चुऱ्यानेच केलेली असते.

(दृश्य : स्वयंपाकघर. विळी, तिरफळे, आमसुले.)

विळीवर बांगड्याचे कल्ले आणि आतडी काढली जातात, तुकडे धुतले जातात, वाटणात ठेचलेली तिरफळे आणि आमसुले पडतात आणि मंद आचेवर तिखले रटरटू लागते. उकळत्या तिखल्यात जिवाणू तगत नाहीत, परंतु काही जातींचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली सुप्त रूपे, तगून राहतात. भांडे चुलीवरून उतरल्यावर ते हळूहळू निवते. दाट कालवण खोल भांड्यात असेल, तर वरचा थर बोटाला गार लागत असतानाही मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो, आणि बीजाणूंतून पुन्हा जिवाणू निघून वाढायला त्यांना हेच हवे असते. त्यात चव पाहिलेला डाव परत भांड्यात जातो, वाढताना हात लागतो, आणि कातडीवर व नाकात राहणारा स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू आत शिरतो. त्याचे विष अर्धा तास उकळले तरी टिकते.

आमसुलांमुळे तिखले टिकते, असे इथे ठामपणे सांगितले जाते. आंबटपणाने जिवाणूंची वाढ मंदावते हे खरे, पण तो घराघरांत आणि हाताहातांत बदलतो, आणि त्याच्या भरवशावर बांगडा रात्रभर ओट्यावर ठेवावा इतका तो खात्रीचा नाही. सकाळच्या उकळीचेही तसेच आहे. ती जिवाणू मारते. त्यांनी रात्रीतून केलेली विषे मात्र सगळी नाहीशी होत नाहीत.

(दृश्य : त्याच विळीवर कोलंबी सोलली जात आहे. शेजारी कोथिंबीर.)

कोलंबीबरोबर समुद्रातला आणखी एक जिवाणू घरात येतो. 1950 साली जपानमधील ओसाका परिसरात शिरासू, म्हणजे उकडून अर्धवट सुकवलेली बारीक मासळी, खाऊन 272 जण आजारी पडले आणि त्यांतील 20 जण दगावले. तेव्हा त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी तो शोधून काढला. त्याला आता व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस म्हणतात. 1996 साली कोलकात्यात आढळलेला त्याचा एक प्रकार पुढे अनेक देशांत पसरला. हा जिवाणू शिजवताना मरतो, पण कच्च्या कोलंबीची विळी न धुता तिच्यावर चिरलेली कोथिंबीर शिजलेल्या कालवणावर पडली, की तो परत येतो, आणि कोमट कालवणात काही मिनिटांत दुप्पट होत राहतो.

हिस्टामिनने चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर गांधी उठतात. जिवाणूंनी उलट्या आणि जुलाब होतात, आणि लहान मुले व वृद्ध यांना दवाखान्यात न्यावे लागते.

(दृश्य : तिखले पसरट भांड्यांत काढले जात आहे.)

शिजलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते एक तर 60 अंश सेल्सिअसच्या वर गरम असावे किंवा 5 अंशांच्या खाली थंड. बत्तीस अंशांच्या वरच्या उकाड्यात अमेरिकी यंत्रणा एकच तास देतात, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या वैशाखात तोच हिशेब धरावा. या घरी जेवण आटोपण्याची वाट न पाहता उरणारे तिखले आधीच दोन पसरट भांड्यांत काढतात, ती भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवून निववतात आणि लगेच फ्रीजमध्ये सरकवतात. मुरलेल्या तिखल्याची चव दुसऱ्या दिवशी वाढते, याबद्दल आमचेही दुमत नाही. ते फ्रीजमध्येही मुरते. सकाळी लागेल तेवढेच बाहेर येते, मधोमध वाफा निघेपर्यंत तापते, आणि पानात उरलेले परत भांड्यात जात नाही.