पेटी घेण्याआधी आपली रात्र मोजा

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्याचा उत्तरार्ध म्हणजे आपल्याकडे कौलं परतण्याचे, गटारं मोकळी करण्याचे, लाकूडफाटा आत घेण्याचे दिवस. या कामांच्या यादीत आता एका नव्या खरेदीची भर पडली आहे. बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच डब्यात बसवलेली, हाताने उचलून नेता येणारी विजेची पेटी. बाजारात तिला पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणतात. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडणे, काणकोण अशा भागांत तिच्याबद्दल खूप विचारणा होते, आणि ते साहजिकच आहे. माडाचं एक चुडत तारेवर पडलं तरी वाड्यावरची वीज जाते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने खांब आडवे केले, तेव्हा काही गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. विजेअभावी पंप थांबले आणि नळाचं पाणीही गेलं. त्या दिवसांची आठवण अनेक घरांत अजून ताजी आहे.

पण याच आठवणीपोटी माणसं घाईने पेटी घेतात, आणि बहुतेक वेळा आकार चुकतो. म्हणून दुकानात जाण्याआधी घरी करायचं एक काम आज तुम्हाला सांगणार आहे. आपली रात्र मोजायची, म्हणजे वीज गेलेल्या रात्री घराला किती वीज लागेल ते काढायचं.

ती कशी मोजायची? विजेच्या बिलावर युनिट असतं ना, एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. पेटीवरही क्षमता वॅट-तासातच लिहिलेली असते. १००० वॅट-तासांची पेटी म्हणजे एक युनिट वीज साठवणारी पेटी. त्यातली थोडी वीज आतल्या इन्व्हर्टरमध्येच खर्ची पडते, त्यामुळे प्रत्यक्ष हाती ८५० च्या आसपास येते असं धरा. काही विक्रेते वॅट-तास सांगतच नाहीत, खोक्यावर मोठ्या अक्षरात मिलीअँपिअर-तास छापतात. २,००,००० हा आकडा ऐकून छाती दडपते. पण तो आतल्या सेलच्या साधारण ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. हिशेब केला की ७४० वॅट-तास निघतात, म्हणजे पाऊण युनिटसुद्धा नाही. वॅट-तासाचा आकडा दाखवता येत नसेल, तर त्या दुकानातून उठून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कागद-पेन्सिल घेऊन घरभर फिरा. छताला जुना पंखा असेल तर तो ७५ वॅट खातो. नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा पंखा ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. एलईडी दिवा ९ वॅट, वायफायचा डबा १० ते १२ वॅट. दोन जुने पंखे, तीन दिवे आणि वायफाय मिळून साधारण १९० वॅट होतात. एक युनिटच्या पेटीवर हे सगळं साडेचार तास चालेल. रात्री दहाला वीज गेली तर अडीचला पंखा थांबेल आणि घरातली म्हातारी माणसं, लहान मुलं घामाघूम होऊन उठतील. तेच दोन पंखे बीएलडीसी केले तर बेरीज १०० वॅटवर येते आणि तीच पेटी साडेआठ तास पुरते, म्हणजे उजाडेपर्यंत. दुप्पट क्षमतेची पेटी घेण्यापेक्षा दोन पंखे बदलणं कितीतरी स्वस्त पडतं. ही गोष्ट पेटी विकणारा सांगणार नाही, म्हणून मी आवर्जून सांगतो आहे.

मग येतो फ्रीज. फ्रीजच्या दारावरच्या तारांकित लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते लिहिलेलं असतं. १८० युनिट असेल तर दिवसाला अर्धं युनिट. हे वाचून वाटतं, मग काय, सहज चालेल. पण पेटीवर दुसराही एक आकडा असतो. एका वेळी किती वॅटचा भार ती पेलू शकते, हा. जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरचा फ्रीज चालू असताना १२० वॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या सहा-सात पट ओढतो. तेवढ्यात ५०० वॅटची पेटी मान टाकते. पडद्यावर ओव्हरलोड येतं आणि पंखा-दिवेही सोबत बंद होतात. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रीज हळू सुरू होतो, त्याला ही अडचण फारशी येत नाही. आणि दार उघडलं नाही तर फ्रीज चारेक तास थंडपणा धरून ठेवतो. वीज तासाभरासाठीच जात असेल तर इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या तुकड्यांची काळजी करण्याचं कारण नाही. लांबली तर दर काही तासांनी तासभर फ्रीज पेटीवर लावला तरी भागतं.

विहिरीच्या पंपाबद्दल मात्र आशा ठेवू नका. एक एचपीचा पंप चालताना हजार वॅट घेतो आणि सुरू होताना त्याच्या चार ते सहा पट. ते काम हातात उचलता येणाऱ्या पेटीचं नाही. ढग दाटून आले की आधी टाकी भरून घ्यावी, हाच त्यावरचा उपाय. गीझर, इस्त्री, इंडक्शन यांनाही यादीतून वगळा. काही पेट्यांवर ‘हजार वॅटची पेटी दीड हजारांचं उपकरण चालवते’ असं लिहिलेलं असतं. त्यात व्होल्टेज उतरवून काम भागवलेलं असतं. पाणी तापवण्याच्या उपकरणाला ते चालतं, मोटारीला नाही.

घरात कुणी आजारी असेल, तर हा हिशेब फार काळजीने करा. हवेतून मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन काढून देणारं यंत्र, म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, ३०० ते ३५० वॅट घेतं. एक युनिटच्या पेटीवर ते अडीच तास चालेल, फार तर पावणेतीन. पावसाळी रात्रीसाठी ते पुरेसं नाही. अशा घरात भरलेला सिलिंडर हाताशी असलाच पाहिजे. पेटीचा उपयोग तो जोडेपर्यंतचा वेळ सांभाळण्यापुरता.

आता आतल्या बॅटरीविषयी. दोन प्रकार मिळतात. एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टची. ती हलकी असते, पण पाचशे-आठशे वेळा भरून-रिकामी झाली की थकते. दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. ती वजनाला जड, पण दोन-तीन हजार वेळा सहज टिकते आणि तापल्यावर पेट घेण्याचा धोका तिच्यात बराच कमी. या फॉस्फेट पदार्थावरचा मूळ शोधनिबंध १९९७ चा. जॉन गुडइनफ यांच्यासोबत त्यावर अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. गुडइनफ यांना २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. आपल्या दमट, उष्ण हवेत आणि झोपायच्या खोलीत ठेवायची असेल, तर एलएफपीच घ्यावी. एक युनिटची पेटी दहा ते पंधरा किलोची भरेल, तेवढं वजन सोसावं.

इथे एक प्रश्न स्वतःला विचारा. ही पेटी खरंच कुठे न्यायची आहे का? ती एकाच घरात, एकाच कोपऱ्यात राहणार असेल, तर आपला नेहमीचा इन्व्हर्टर पुष्कळ स्वस्त पडतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिटची असते. डिस्टिल्ड वॉटर घालायचं लक्षात ठेवावं लागतं आणि काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, पण घरचं वायरिंग तिला जोडता येतं आणि दुरुस्ती करणारा माणूस तालुक्यातच मिळतो. पेटी शोभते ती भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला, जत्रेत दुकान मांडणाऱ्याला, भजनाचा साऊंड घेऊन गावोगाव जाणाऱ्याला, आणि कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, मांगर (बागेतलं छोटं घर) असलेल्या बागायतदाराला.

कुळागराचा विषय निघाला की सोलर आलंच. खुल्या उन्हाच्या महिन्यांत २०० वॅटचं पॅनेल भर दुपारी दीडशे वॅटच्या आसपास देतं आणि दिवसभरात पाऊण युनिट भरतं. पण कुळागर म्हणजे सावली. माडाखाली पोफळ, पोफळीखाली केळ, जायफळ, मिरीचे वेल. त्या कवडशांत पॅनेल ठेवून काही उपयोग नाही. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज झपाट्याने उतरते. मोकळी जागा असेल तिथे पॅनेल आणि तिथून वायर, नाहीतर पेटी घरी भरून स्कूटरवरून मांगरात न्यायची. दोन दिवे, एक बीएलडीसी पंखा आणि मोबाइल, एवढ्याला अर्ध्या युनिटची पेटीही रात्रभर पुरते.

आणि जुलैमधल्या काळोख्या दिवशी तेच पॅनेल दहाव्या हिश्शावरही येतं. ज्या महिन्यात विजेची गरज सर्वांत जास्त, त्याच महिन्यात सूर्य पाठ फिरवतो. तेव्हा पावसाळ्यात भरवसा वीज खात्याच्या लाइनवरच. वीज असताना पेटी भरून ठेवायची. पॅनेल विकत घेताना पेटीच्या सोलर इनपुटवर किती व्होल्टची मर्यादा लिहिली आहे ते आधी वाचा. छतावरचं मोठं पॅनेल एकटंच ४५-५० व्होल्ट देतं. ३० व्होल्टची मर्यादा असलेल्या पेटीला ते जोडलं तर आतलं सर्किट जळू शकतं.

छतावर सूर्यघर योजनेचं सोलर बसवलेल्यांना एक गोष्ट उशिरा कळते. साधं ऑन-ग्रिड सोलर, लाइन गेली की स्वतःहून बंद होतं, भर उन्हातसुद्धा. कारण छतावरची वीज तारेत उलटी गेली, तर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल. याच कारणासाठी माझी कळकळीची विनंती आहे. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून पेटी घराच्या सॉकेटला जोडू नका. कुणी वायरमन ‘मेन स्विच बंद ठेवला की काही होत नाही’ म्हणाला तरी नाही. भर पावसात आपल्यासाठी खांबावर चढणारी माणसं त्या एका विसरलेल्या स्विचवर अवलंबून असू नयेत. पंखा-दिवे सरळ पेटीच्याच सॉकेटला लावा.

जुन्या घरांसाठी आणखी एक. जलद भरणारी पेटी हजार वॅटहून जास्त ओढते. देवखोलीतल्या जुन्या पाच अँपिअरच्या सॉकेटवर ती लावू नका. भिंत तापते, प्लग काळवंडतो. १५ अँपिअरचा सॉकेट वापरा किंवा पेटीचा वेग कमी करून रात्रभर भरू द्या. ओल्या जमिनीवर ठेवू नका, कपाटात कोंडू नका, मे महिन्यात बंद गाडीत तर मुळीच नको.

परदेशातल्या नातेवाइकांकडून पेटी मागवायचा विचार असेल, तर तो सोडून द्या. प्रवाशाच्या सामानात १६० वॅट-तासांवरची लिथियम बॅटरी विमानात नेऊ देत नाहीत. शिवाय अमेरिकेतली पेटी १२० व्होल्ट देते, आपली उपकरणं २३० व्होल्टची. इथेच घ्या, बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह पाहून घ्या, आणि बॅटरी बिघडली तर दुरुस्ती गोव्यात होते की बाहेर पाठवावी लागते हे बिलावर लिहून घ्या.

पेटी घरी आली की पाऊस लागण्याआधी एक रात्र मेन स्विच मुद्दाम बंद करा. यादीतलं सगळं पेटीवर लावा आणि पडद्यावरचा टक्का दर दोन तासांनी कागदावर लिहा. एसी सॉकेट नुसता चालू ठेवला तरी पेटी स्वतःच दहा-वीस वॅट खाते, ते तेव्हा दिसेल. मोबाइल यूएसबीवर लावला तर किती वाचतं तेही कळेल. सकाळी उरलेला टक्का तुमच्या हिशेबाशी जुळला नाही, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत दुकान गाठा.

नमस्कार.