ज्वारीच्या दाण्याएवढा गांधार

(दारव्हा-कारंजा पट्ट्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला पाऊण तास दिला आहे आणि बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिला आहे, 'मांडीवरची गिटार : नवशिक्याचे पहिले सहा महिने'. सहा महिने पाऊण तासात बसवायचे आहेत, बसवू. पुढच्या पोरांनी सतरंजीवर जरा दाटून बसा, म्हणजे मागं बसलेल्या मावशींना माझ्या मांडीवरचं दिसेल.

ही ती गिटार. जुन्या लोकांच्या तोंडी हवाईयन गिटार, नव्या पोरांच्या तोंडी लॅप स्टील. मी पहिल्यांदा ती एसटीतून गावात आणली तेव्हा शेजारच्यांनी विचारलं, "गुरुजी, हवाई गिटार म्हंता, तं यात हवा कुठून भरा लागते?" प्रश्न सरळच होता. पेटीला भाता असतो, सायकलला पंप असतो. मग त्यांना नकाशा काढून दाखवला. प्रशांत महासागरातली हवाई बेटं, त्यातलं ओआहू, त्यावरचं लाये नावाचं गाव. तिथला जोसेफ केकुकू हा शाळकरी पोरगा १८८५ च्या सुमारास गिटारीच्या तारांवरून लोखंड फिरवायला लागला. असं सांगतात की तो रेल्वेच्या रुळाकडेनं चालला होता, खाली पडलेला बोल्ट त्यानं उचलला, सहज तारेवर ठेवला आणि सूर घसरत घसरत वर गेला. दंतकथा असेल, पण मला ती खरी वाटते, कारण माझं बालपण शकुंतलेच्या रुळाकडेला गेलं आहे. मूर्तिजापूर-यवतमाळची ती नॅरो गेज गाडी, अडीच फुटी रूळ. त्या रुळांच्या कडेला किती लोखंड पडलेलं असायचं! आम्ही त्यानं बोरं पाडली. एकालाही ते तारेवर ठेवायचं सुचलं नाही, कारण गावात तारच नव्हती. तार कुठं आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असतं, मंडळी. म्हणून तर आज ही गिटार घेऊन आलो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मग वेळ कमी पडला तरी चालेल. साध्या गिटारीत डाव्या हाताची बोटं तार दाबतात. इथं काहीच दाबायचं नाही. गिटार मांडीवर आडवी, तारा आभाळाकडे, आणि तारांवर नुसता एक लोखंडी दांडू टेकवायचा. तो जिथं टेकेल तिथं सूर. खाली दांडीवर या आडव्या पट्ट्या, म्हणजे पडदे, दिसतात ना, तार त्यांना शिवतच नाही. म्हणजे या वाद्यात पडदे डोळ्यांसाठी आहेत आणि सूर कानासाठी. माझं म्हणणं एवढंच आहे की कान आपल्या गावात आहे. शहरातल्या क्लासपेक्षा जास्त आहे.

आता हा दांडू पाहा. बाजारात पॉलिश केलेला भरीव बार मिळतो, साधारण दोनशे ग्रॅमचा. तो मला इकडे कुठं मिळाला नाही. एका मोठ्या शहरातल्या दुकानात साडेतीन तासांचा प्रवास करून गेलो, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "हे आता कोणी वाजवत नाही, कीबोर्ड घ्या." मी तारा मागितल्या. त्यानं नायलॉनच्या दिल्या. लोखंड नायलॉनवर टेकवलं की सूर येत नाही, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज येतो. हे मला घरी आल्यावर कळलं. पुढची फेरी पुढच्या महिन्याच्या पगारावर. त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही. पैसे गेले त्याचं एवढं नाही. माणूस वाद्य मागायला येतो आणि तुम्ही त्याला 'कोणी वाजवत नाही' म्हणून परत पाठवता? ब्रिजभूषण काब्रांनी याच गिटारीवर अख्खे राग वाजवले. १९६७ साली शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काब्रांची गिटार, 'कॉल ऑफ द व्हॅली'. ती तबकडी जगभर गेली. विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं ते मांडीवरच्याच वाद्यावर, मोहनवीणेवर. आणि बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, १९३२ सालची रिकनबॅकर, तीही मांडीवरचीच होती. ॲल्युमिनियमची, गोल पोटाची, म्हणून तिला 'फ्राइंग पॅन' म्हणायचे. आपला तवाच की. कोणी वाजवत नाही म्हणे.

तर बार. आमचं पाण्याचं डिझेल इंजीन त्या उन्हाळ्यात बसलं. मिस्त्रीनं खोललं, पिस्टन बाहेर काढला आणि त्यातली गजन पिन फडक्यानं पुसून बाजूला ठेवली. मी ती उचलली. मंडळी, गजन पिन म्हणजे काय चीज आहे! पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पोकळ पिन. वरून कडक केलेली, घासून आरशासारखी केलेली, कारण तिथं खरबरीतपणा राहिला तर इंजीन जगत नाही. मी बोट फिरवलं, नखसुद्धा अडकलं नाही. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, कायले नेता ते? भंगारवाला बी पुसत नाही." म्हटलं, गाणं काढतो यातून. तो इंजिनाकडे पाहत म्हणाला, "काढा बापा, मह्या हातून तं धूरच निघून राह्यला." ही तीच पिन. आपल्याकडे विचित्र वीणा नावाचं वाद्य आहे, तिच्या तारांवर काचेचा गोळा फिरवतात, त्याला बट्टा म्हणतात. आपल्या घरात खलबत्त्यातला बत्ता असतो तसा. तेव्हा आमच्याकडे बट्ट्याचं वाद्य आधीपासून आहे, फक्त हा बट्टा इंजिनातून आला.

तारा वर उचलाव्या लागतात, नाहीतर लोखंड पडद्यांवर खडखडतं. खुंट्यांजवळ तारा ज्या पट्टीवरून जातात तिला नट म्हणतात, त्या नटवर बसेल अशी बाभळीची उंच पट्टी आमच्या सुतारकाकांनी करून दिली, जवळजवळ एक सेंटिमीटर उंच, वर सहा खाचा. बाभूळ कशाला, तर सागापेक्षा कडक, तार तिला लवकर कापत नाही.

आणि मग मी एक चूक केली, ती ऐका. कुणीतरी सांगितलं की तारा जी मेजरमध्ये लावा. त्यात खालच्या दोन जाड तारा नेहमीपेक्षा वर ओढाव्या लागतात. ओढल्या. मे महिना, खोलीवर टिनं. बाहेर काय तापमान असतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. टिनाखाली सरस मऊ होतो आणि वर तारांचा ताण. दुपारी दोनला धाडकन आवाज झाला, गिटारीच्या पोटावर तारा जिला अडकवतात ती घोडी उपटून तारांसकट भिंतीपाशी. आमच्या घरून ओरडणं आलं, "अवं, कूलर फुटला का काय?" कूलर शाबूत होता. सुतारकाकांनी घोडी पुन्हा चिकटवली, सायकलच्या जुन्या ट्यूबनं करकचून बांधली आणि दोन दिवस हात लावू दिला नाही. तेव्हापासून मी ओपन डी लावतो. त्यात साध्या गिटारीच्या चार तारा खाली उतरतात, दोन तशाच राहतात, एकही वर जात नाही. भजनी मंडळींच्या भाषेत सांगायचं तर सा म्हणजे पांढरी दोन. जाड तारेकडून सा, प, सा, ग, प, सा. सगळ्या तारा एकदम छेडल्या की तंबोरा मांडीवरच.

(छेडून दाखवतात.)

आता ज्या गोष्टीसाठी मी आलो ती. पुस्तकांत आणि मोबाइलवरच्या शिकवण्यांत सगळीकडे आकडे असतात. दुसरा पडदा, चौथा, पाचवा, सातवा. मी विज्ञानाचा शिक्षक, आकड्यांवर माझा भरवसा. आठ महिने आकड्यांवर वाजवलं. वरून सरळ पाहायचं, तिरकं पाहिलं तर रेष सरकलेली दिसते. मोजपात्रातलं पाणी वाचताना पोरांना शिकवतो, तेच. बार बरोबर रेषेच्या डोक्यावर. सगळं बरोबर. आणि तरी कुठंतरी खटकत होतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक आजी राहायच्या. आयुष्यभर कापूस वेचला, निंदण केलं. गुरुवारी राष्ट्रसंतांच्या भजनाला त्यांचा आवाज सगळ्यात वर. आमच्या मंडळात पेटी नव्हती, खंजिरी आणि टाळ, बस. त्या दिवशी त्या ओसरीत सूप घेऊन ज्वारी निवडत होत्या. मी वाजवत होतो. त्यांनी सूप थांबवलं. म्हणाल्या, "गुरुजी, बाकी सबन ठीक हाय. तो तिसरा टोचते."

तिसरा म्हणजे सा, रे, ग. गांधार. मी म्हटलं, आजी, बरोबर चौथ्या पडद्यावर आहे. त्या म्हणाल्या, "पडद्याचं मले काय सांगता? मी म्हंतो तसा काहाडा." आणि त्यांनी गायला. एकच सूर, आ लावून. मी बार त्या आवाजाकडे हळू हळू अलीकडे सरकवत नेला. मधल्या तारांतली ती थरथर, दोन सूर भांडतात तेव्हा येते ना, वाँव-वाँव, ती मंद होत गेली आणि थांबली. आजी म्हणाल्या, "हां. बसला." आणि पुन्हा सूप हलवायला लागल्या.

मी बार तिथंच ठेवून पेन्सिलीनं खूण केली. पडद्यापासून किती अलीकडे? त्यांच्या सुपातला ज्वारीचा एक दाणा उचलून मध्ये ठेवला. खूण आणि पडदा यांच्यामध्ये तो दाणा नेमका बसला.

मग कंपासपेटीतली पट्टी काढली. माझ्या गिटारीची तार ६५ सेंटिमीटर. गळ्यातला शुद्ध गांधार तारेच्या चार पंचमांश लांबीवर मिळतो, म्हणजे पाचवा भाग सोडून, १३ सेंटिमीटरवर. पडदा आहे १३.४ वर. कारण गिटारीचे पडदे सप्तकाचे बारा सारखे वाटे करून बसवलेले असतात. सारखे वाटे केले की प्रत्येक सूर थोडा थोडा हलतो, आणि गांधार जरा जास्तच हलतो. पंचम पाहा. तो दोन तृतीयांशावर, आणि पडद्याचा फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर, कुणाला कळायचा नाही. गांधाराचा फरक चार मिलिमीटर. पेटीतही तोच घोळ. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. मी पेटीच्या विरोधात नाही, मधल्या रांगेतल्या पेटीवाल्या भाऊंनी गैरसमज करून घेऊ नये. त्यांच्या पेटीवरच तर मी सा मिळवतो. पण आजींच्या कानावर पेटीचा गांधार कधी पडलाच नव्हता, म्हणून तो त्यांना टोचला. तंबोऱ्याच्या घोडीवरची, सूर घुमवणारी जवारी वेगळी, मंडळी. ही आपली ज्वारी.

म्हणजे ज्या बाईला गिटार हा शब्द नीट म्हणता येत नव्हता, तिला या वाद्यातली सर्वांत अवघड गोष्ट आधीच येत होती. मला आठ महिने आली नव्हती. आपल्या गावागावांत असे कान बसले आहेत. गुरुवारच्या भजनात, काकड्यात, जात्यावरच्या ओव्या ज्यांना अजून आठवतात त्या घरांत. आणि आपण पोरांना सांगतो की गिटार शिकायची तर नागपूर-पुण्याला जा.

...चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं.

तर पहिले सहा महिने. पटपट सांगतो, लिहून घेणाऱ्यांनी घ्या. पहिला महिना एकच तार, सर्वांत बारीक. बार अंगठा आणि मधल्या बोटात धरायचा, पहिलं बोट त्याच्या पाठीवर. दाबायचा नाही, त्याचं वजन पुरतं. दाबला की तार खाली जाते आणि सूर चढतो. राहिलेली दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, बारच्या मागं तारांवर लोळत राहिली पाहिजेत. ती उचलली की मागच्या तुकड्यातून भुताटकी आवाज येतो. नवशिक्यांची निम्मी खरखर तिथून येते. हे एक शिकलात तरी मोठं काम झालं.

दुसरा-तिसरा महिना, आधी गायचं, मग बार सरकवायचा. उलटं नाही. मोकळा सा वाजत ठेवा, गांधार तोंडानं लावा, आणि बार त्या गांधाराला जाऊन भेटू द्या. ज्याला आवाज नाही असं वाटतं त्यानं घरातल्या कोणाला तरी गायला बसवावं. सासूबाई असतील तर उत्तम. त्यांना हा मान मिळाला की रियाजाला घरात विरोध होत नाही.

बार हलवून सूर थरथरवायचा मोह फार होतो. चौथ्या महिन्यापर्यंत तो आवरा. थरथर ही बेसूरपणावर टाकलेली चादर होते. आधी सूर उघडा उभा राहू द्या.

उजव्या हातात अंगठ्याला आणि दोन बोटांना नख्या. सूर संपला की तळहाताच्या कडेनं तार बंद करायची. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घेताना तार एकदाच छेडायची आणि सगळा प्रवास बारनं करायचा. चौथ्या-पाचव्या महिन्यात एक भजन, पूर्ण, एका तारेवर. दुसरं घेऊ नका. सहाव्यात तेच भजन दोन तारांवर. कोमल गांधार आला तर दाणा पडद्याच्या पलीकडे ठेवून बघा, पण तो रागागणिक हलतो, तिथं पट्टी बंद करायची आणि गाणाऱ्यालाच विचारायचं.

देखभालीचं राहिलं. उन्हाळ्यात टिनाखाली ठेवू नका, ठेवायचीच तर तारा सैल करून. पावसाळ्यात वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्यानं तारा पुसा, आपल्याकडे सुताची कमी नाही. आणि तारा घेताना दुकानातच नखानं खरडून पाहा, लोखंडी आहेत ना.

दोन मिनिटं उरली आहेत असं अध्यक्ष बोटांनी सांगतायत. पेटीवाले भाऊ, पांढरी दोन धरा जरा. फक्त सा, गांधार नको. मावशी, तुम्ही मघापासून गुणगुणताय ते मला इथवर ऐकू येतंय. लावा तुमचा गांधार. मी येतो सरकत. पोरांनो, पुढं या. पडद्याकडे बघू नका, हा दाणा ठेवलाय त्याच्याकडे बघा.