आठ लाख बाट आणि एक पासबुक

श्रोतेहो, नमस्कार.

निवृत्तीनंतर परदेशात जाऊन राहायचं, तर तिथलं सरकार आधी पैसे दाखवा म्हणतं. आज थायलंडबद्दल बोलतो, कारण माझे थोरले बंधू आणि वहिनी तिथे राहतात. वय 50 पूर्ण हवं आणि तिथल्या बँकेत 8 लाख बाट हवेत. म्हणजे वीस लाख रुपयांहून जास्तच. नाहीतर दरमहा 65,000 बाट उत्पन्न दाखवायचं, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे 8 लाख भरवायचे. आपल्याकडच्या पेन्शनीत 65,000 बाट बसणं अवघड, म्हणून दादाने ठेवीचा रस्ता धरला.

खातं अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर लागतं. आपल्याकडे नवरा-बायकोचं जोडखातं ही सवयच, पण मला विचाराल तर घरातल्या प्रत्येक बाईच्या एकटीच्या नावावर एक खातं असायलाच हवं. माझ्या आईचं नव्हतं. वडील गेल्यावर चार महिने ती बँकेच्या बाकावर बसून होती. असो, दादाकडे येतो.

दादा पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर. आकडा म्हणजे आकडा. 90 दिवसांच्या व्हिसावर दोघं गेली, पंधरवड्यात खातं उघडलं, पुण्याहून पैसे गेले आणि विसाव्या दिवशी खात्यात बरोबर 8,00,000 बाट. वहिनी म्हणाल्या, “अहो, वर दहा-वीस हजार असू देत.” दादा म्हणाला, “नियमात आठ आहे, मग आठच.”

एका वर्षाच्या मुदतवाढीसाठी हे पैसे अर्जाआधी दोन महिने खात्यात असावे लागतात. दादाने दिवस मोजले. चौऱ्याऐंशीव्या दिवशी सकाळी बँकेतून पत्र घेतलं, पासबुक भरून घेतलं, फोटो, भाडेकरार, 1,900 बाट फी, सगळं फायलीत लावून इमिग्रेशन कचेरीच्या खिडकीशी गेला. समोरच्या बाईंनी पासबुक उघडलं. पेन्सिलीचं टोक एकेका ओळीवरून खाली येत होतं. एका ओळीवर थांबलं. कार्डाची वार्षिक फी, 300 बाट. शिल्लक 7,99,700.

पैसे आल्यानंतर दोन आठवड्यांनी ती फी कापली गेली होती आणि दादाने पासबुक मधल्या काळात एकदाही भरलं नव्हतं. तो म्हणाला, आत्ता 300 भरतो. बाई शांतपणे म्हणाल्या, भरा, पण दोन महिने आजपासून मोजायचे. हातात उरले होते सहा दिवस.

श्रोतेहो, त्या रात्री फोनवर दादाचा आवाज मी ओळखला नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासलेला माणूस. सारखं एकच म्हणत होता, “मी ओळ पाहिली नाही रे.” पाचव्या दिवशी दोघं पुण्याला परत आली. घराची अनामत गेली. वहिनींनी कुंडीत लावलेला कढीपत्ता घरमालकीणबाईंकडे ठेवला. भाषा एकमेकींची येत नाही, पण रोज किती पाणी घालायचं ते वहिनींनी वाटी दाखवून सांगितलं.

पुन्हा एकदा सांगतो, लिहून घ्या. अर्जाआधी दोन महिने पूर्ण 8 लाख. मुदतवाढ मिळाल्यावर आणखी तीन महिने पूर्ण 8 लाख. त्यानंतर वापरता येतात, पण 4 लाखांच्या खाली जायचं नाही. आणि पुढच्या अर्जाआधी दोन महिने परत 8. म्हणजे निम्मे पैसे वर्षभर हलत नाहीत. औषधपाण्याचा पैसा याच्यात धरू नका, तो वेगळा ठेवा.

इथून पाठवताना आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो बुडत नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो. पण तोवर अडकतो, तेव्हा तेवढी जादा तजवीज लागते.

दुसऱ्या खेपेला दादाने 8,25,000 ठेवले आणि दर सोमवारी पासबुक भरून आणलं. बँका कागदी पासबुक बंद करायच्या गोष्टी करतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. वडीलधाऱ्या माणसाला छापलेली ओळ बोटाखाली धरता आली पाहिजे. अर्जाच्या दिवशी सकाळी त्याने 100 बाट भरले, म्हणजे त्याच तारखेची नोंद पासबुकात उमटते. खिडकीशी त्याच बाई होत्या. पेन्सिल पुन्हा एकेका ओळीवरून उतरली, शेवटच्या 100 बाटपर्यंत. मग शिक्का बसला.

तिथून दोघं थेट जुन्या घरमालकीणबाईंकडे गेली. कढीपत्ता वहिनींच्या कमरेएवढा झाला होता, आणि वाटी कुंडीशेजारीच पालथी घातलेली होती.

नमस्कार.