कमलाबाईंनी नेमकं काम काय केलं?

नमस्कार सगळ्यांना. पोस्टरवर आजचा विषय भला मोठा छापलाय, विज्ञान-तंत्रज्ञानातल्या अग्रणी स्त्रिया वगैरे, पण पाऊण तासात दहा-बारा नावं भराभर घ्यायची आणि प्रत्येकीला दोन-दोन वाक्यं द्यायची हे माझ्याच्यानं होणार नाही. म्हणून मी एकाच बाईंबद्दल बोलणार आहे, डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, जन्म इंदूरचा, आणि आपल्या दुर्गाबाई भागवतांच्या सख्ख्या धाकट्या बहीण.

८ मार्च जवळ आला की कमलाबाईंची एक पोस्ट सगळीकडे फिरते, तुम्हीही वाचली असेल. सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटून बसल्या, शेवटी प्रवेश मिळाला, संपलं. हा किस्सा खराच आहे आणि तो सांगायलाच हवा. पण माझं म्हणणं असं की पोस्ट तिथे संपते आणि बाईंचं काम तर तिथून सुरू होतं! मी बायोकेमिस्ट्री शिकवते, वर्गात विचारलं की कमला सोहोनी कोण, तर चार-पाच हात वर येतात, आणि त्यांनी काम कशावर केलं असं विचारलं की सगळे हात खाली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरी आधी तो किस्सा नीट सांगते, कारण त्यातल्या अटी फार कुणाला माहीत नसतात. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठातून बीएस्सीला पहिल्या आल्या. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आताच्या आयआयएस्सीमध्ये (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) शिकलेले केमिस्ट, तेव्हा मुलीनेही तिथेच जायचं हे घरात जवळजवळ ठरलेलंच होतं. रामन तेव्हा तिथले डायरेक्टर, नोबेल मिळून तीनच वर्षं झालेली. त्यांनी नाही म्हटलं. बाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि कारण विचारलं. मग प्रवेश मिळाला तो असा, की एक वर्ष रेग्युलर विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, गाईड सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल, आणि लॅबचं वातावरण बिघडवायचं नाही. ही तिसरी अट पुन्हा ऐका, वातावरण बिघडवायचं नाही! बीएस्सीला पहिली आलेल्या मुलीला हे ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी ते ऐकलं, श्रीनिवासय्या नावाचे कडक शिस्तीचे गाईड होते त्यांच्या हाताखाली पहाटेपासून रात्रीपर्यंत काम केलं, आणि वर्षाने रामन यांनी त्यांना रेग्युलर करून घेतलं, पुढे इतर मुलींनाही दार उघडलं. पण कमलाबाईंनी तो अपमान म्हातारपणीसुद्धा जाहीरपणे बोलून दाखवला, विसरून गेल्या नाहीत, आणि मला वाटतं ते बरोबरच केलं. रामन मोठे शास्त्रज्ञ होते म्हणून त्यांचं हे वागणं झाकून ठेवायचं काही कारण नाही.

आता कामाकडे येते. बंगळूरला त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रोटीनवर काम केलं. हा विषय दिसायला साधा पण आपल्या देशात पोटाशी बांधलेला, कारण ज्या घरात मांस-मच्छी नाही आणि दूध परवडत नाही तिथे प्रोटीन येणार कुठून, तर डाळीतून. १९३६ ला एमएस्सी झाली, मग स्कॉलरशिपवर केंब्रिज. तिथे डेरेक रिक्टर यांनी त्यांना जागा दिली ती कशी, तर दिवसा ज्या टेबलावर कमलाबाई काम करायच्या त्याच टेबलावर रात्री रिक्टर झोपायचे. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या, तेच हिल ज्यांची हिल रिअॅक्शन तुम्ही फोटोसिंथेसिसच्या धड्यात वाचता.

हिल यांच्याकडे त्या बटाट्यावर काम करत होत्या. पेशी श्वसन करते म्हणजे अन्नातले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने पुढे देत देत शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचवते, आणि या साखळीत सायटोक्रोम सी नावाचं लोह असलेलं एक छोटं प्रोटीन असतं, ते आधीच्याकडून इलेक्ट्रॉन घेतं आणि पुढच्याला देतं. कमलाबाईंना हे सायटोक्रोम सी बटाट्यात सापडलं आणि वनस्पतींच्या पेशींमध्येही ते असतं हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे तुमच्या पेशीत श्वसनाची जी यंत्रणा आहे तीच त्या पोत्यातल्या बटाट्यातही चालू आहे, ही केवढी मोठी गोष्ट आहे बघा. थिसिस अवघा चाळीस पानांचा, आणि दीड वर्षाच्या आत काम पूर्ण. १९३९ मध्ये पीएचडी. (विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री त्या की आणखी कुणी यावर नेटवर वाद चालतात, वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना १९३१ मध्येच मिशिगनची डॉक्टरेट मिळाली होती. मला त्या वादात पडायचं नाही.) आणि केंब्रिजचंही ऐकून ठेवा, त्या विद्यापीठाने बायकांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी आणि सभासदत्व द्यायला १९४८ उजाडलं.

परत आल्यावर दिल्लीला लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची न्यूट्रिशन लॅब, आणि १९४७ ला लग्न होऊन मुंबईत, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. इथे त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन जे केलं ते माझं सगळ्यात आवडतं.

आपल्याकडे वाल कधी कच्चे खात नाहीत. भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, मग बिरडं. का? आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम प्रोटीनचे तुकडे करतं, आणि कच्च्या कडधान्यात असे पदार्थ असतात जे या ट्रिप्सिनलाच अडवतात, ट्रिप्सिन इनहिबिटर. म्हणजे प्रोटीन पोटात गेलं तरी नीट पचत नाही. नीट शिजवलं की हा इनहिबिटर बराचसा निकामी होतो. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या भाज्या, कडधान्यं, आणि हो, वालसुद्धा, एकेक घेऊन हे इनहिबिटर तपासले, वेगळे काढले, पेपर लिहिले. पिढ्यान् पिढ्या बायका जे हाताने करत आल्या त्यामागचं रसायन त्यांनी टेस्ट ट्यूबमध्ये दाखवलं. हे काम परदेशातलं कोण कशाला करेल, त्यांच्या ताटात वाल नाहीत.

मग नीरा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी हे काम हातात घेतलं. माडाचा ताजा रस, पहाटे काढलेला गोड असतो, ऊन चढलं की आंबून ताडी होते. त्यात अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह आहे हे त्यांनी दाखवलं, पण प्रयोगशाळेत थांबल्या नाहीत, आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा दिली आणि तब्येतीत फरक पडतो हे नोंदवलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाच्या दर्जाबद्दल सल्ला दिला. एवढं सगळं करून इन्स्टिट्यूटचं डायरेक्टरपद मात्र त्यांच्यापर्यंत यायला चार वर्षं उशीर झाला, अंतर्गत राजकारणामुळे. मिळालं शेवटी, पण ती चार वर्षं गेली ती गेलीच.

मघाशी कुणीतरी चिठ्ठी पाठवली होती, रिटायर झाल्यावर काय केलं म्हणून. १९६६ मध्ये मुंबईत काही बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली, कमलाबाई त्यात जोमाने काम करत होत्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही होत्या. संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात ग्राहकांसाठी लिहायच्या. आणि बाजारातल्या खाण्याच्या वस्तूंत भेसळ आहे की नाही हे साध्या माणसाला तपासता यावं म्हणून त्यांनी एक किट तयार केलं होतं. केंब्रिजची पीएचडी असलेली बाई वाण्याच्या दुकानातल्या मालावर लक्ष ठेवून होती. या कामावर तुमच्यापैकी कुणाला प्रोजेक्ट करायचं असेल तर नंतर मला येऊन भेटा, कुठून सुरुवात करायची ते मी सांगते.