एकाचं देणं, दुसऱ्याचं येणं

नमस्कार श्रोतेहो.

जीडीपीचा आकडा आता सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. दर तिमाहीला येतो, टीव्हीवर दोन दिवस भांडणं होतात आणि पुढच्या तिमाहीपर्यंत सगळे विसरतात. पण जीडीपी सांगतो ते त्या काळातलं उत्पन्न. देशाची मालमत्ता किती, कर्ज किती, हे त्यात येत नाही. आणि ते कर्ज कोणाचं, कोणाकडून घेतलेलं, हे तर नाहीच नाही. ते सांगणारा हिशेब वेगळा. त्याला म्हणायचं क्षेत्रनिहाय राष्ट्रीय लेखे आणि ताळेबंद. नाव जड आहे, पण काम साधं आहे. कोणाचं कोणाकडे किती अडकलंय, ते लिहायचं.

यात देशातल्या सगळ्यांना पाच गटांत बसवतात. आपल्या सांगलीतलीच उदाहरणं घेऊ. साखर कारखाना, एसटी महामंडळ, एमआयडीसीतली फौंड्री, हा एक गट, माल किंवा सेवा विकणाऱ्यांचा. जिल्हा बँक, पतसंस्था, विमा कंपनी, हा दुसरा, पैशाचे व्यवहार करणाऱ्यांचा. ग्रामपंचायतीपासून दिल्लीपर्यंतचं सरकार, हा तिसरा. तुम्ही-आम्ही, म्हणजे घरं, हा चौथा. आणि गणपती मंडळ, सार्वजनिक वाचनालय, अशा लोकांसाठी चालणाऱ्या पण नफ्यासाठी नसलेल्या संस्था, हा पाचवा. शिवाय परदेश म्हणून एक सहावा रकाना असतो. बस्स, एवढंच लक्षात ठेवा. पाच गट आणि परदेश.

हे सगळं जगभर ऐरणीवर आलं ते २००८ मध्ये. त्या सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली. त्याच्या वर्षभर आधीच जर्मनीतली एक बँक संकटात आली होती, आणि कारण काय, तर अमेरिकेतल्या माणसांनी घरासाठी काढलेली कर्जं. कर्ज अमेरिकेतलं, फटका जर्मनीत. मधली साखळी कोणाच्याच वहीत सलग लिहिलेली नव्हती. मग २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जगाच्या बँकव्यवस्थेवर लक्ष ठेवणारं वित्तीय स्थैर्य मंडळ या दोघांनी जी-२० देशांपुढे २० शिफारशी ठेवल्या. त्यातली एक अशी की, प्रत्येक देशानं गटवार ताळेबंद करावेत, आणि ते एकमेकांशी ताडून बघता येतील असे करावेत. भारतही जी-२० मध्ये आहे.

आता एकमेकांशी ताडून बघता येतील असे, म्हणजे कसे? इथं मला तासगाव तालुक्यातल्या एका घराची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझी नोकरी सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीची, त्यामुळं गावोगाव लोक मला ऑडिटरसाहेब म्हणत. घर ओळखू येऊ नये म्हणून आकडे जरा बदललेत, बाकी सगळं घडलेलं आहे.

तीन भाऊ. थोरले आबा, त्यांची द्राक्षबाग. मधले बापू, तालुक्याला औषधं आणि खतांचं दुकान. धाकटे अण्णा, तिकडं तमिळनाडूत गलाईचा धंदा, आपल्या विटा-खानापूर भागातली माणसं देशभर करतात तसा सोनं गाळण्याचा. आणि आई. वडील वारले आणि वाटणीची वेळ आली. भांडण नको म्हणून मला बोलावलं. बापू म्हणाले, "साहेब, तिघांच्या तीन वह्या आहेत. तुम्ही नुसती बेरीज करून द्या."

बेरीज केली. बेरीज बघून मी चष्मा पुसला. त्या वह्यांप्रमाणं ते घर तालुक्यातलं सगळ्यात श्रीमंत घर निघत होतं.

पहिलं प्रकरण बेदाण्याचं. आबांच्या वहीत लिहिलेलं, कोल्ड स्टोरेजला बेदाणा, ८ लाखांचा. बापूंच्या वहीतही लिहिलेलं, कोल्ड स्टोरेजला बेदाणा, ८ लाख. मला वाटलं दोघांचा वेगवेगळा असेल. पावत्या मागितल्या तर पावती एकच! बेदाणा आबांच्या बागेतला, पावती बापूंच्या नावावर. कारण आबा सोसायटीचे थकबाकीदार, मग तारण कर्ज काढायला बापूंचं नाव लावलेलं. बरं, मग ते तारण कर्ज कुठंय? आबांची वही चाळली, नाही. बापूंची चाळली, नाही. आबा म्हणाले, "कर्ज त्याच्या नावावर हाय, मी कशाला लिहू?" बापू म्हणाले, "पैसं त्यांनी ड्रिपला घातलं, मी कशाला लिहू?" म्हणजे माल दोघांनी लिहिला आणि कर्ज कोणीच नाही.

(जाता जाता सांगतो, हल्ली हिरव्या बेदाण्याचं फार कौतुक चाललंय. रंगाला भाव आहे, मान्य. पण चवीला पिवळा तो पिवळाच. असो.)

दुसरं प्रकरण औषधांच्या उधारीचं. बापूंच्या वहीत आबांकडून येणं ३ लाख. आबांच्या वहीत बापूंचं देणं १ लाख ८० हजार. मधले १ लाख २० हजार गेले कुठं? आबांनी ते वळते करून घेतले होते, बापूंच्या मुलीच्या लग्नात मांडव आणि जेवणावळीचा खर्च आपण केला म्हणून. बापू ताडकन उठले. "पोरीचं लगीन घरचं हुतं, त्यो खर्च उधारीत कसा?" इथं दोघंही खोटं बोलत नव्हते. एकाच्या लेखी ती फेड होती, दुसऱ्याच्या लेखी तो आहेर होता. हेच मोठ्या हिशेबातही होतं. एक देश एखादी रक्कम कर्ज म्हणून लिहितो, तीच रक्कम समोरचा देश भांडवल म्हणून लिहितो, आणि मग दोघांचे ताळेबंद जुळत नाहीत.

तिसरं, जमीन. आबांनी जमीन लिहिली वडिलांनी घेतली त्या भावानं. बापूंनी लिहिली हायवेकडच्या प्लॉटच्या भावानं. अण्णांनी रेडी रेकनरनं. रान एकच, किमती तीन. तारखा तर आणखी मजेशीर. बापूंचा हिशेब ३१ मार्चचा, अण्णांचा पाडव्याचा, आणि आबांचा बाग उतरली की संपला.

मी म्हणालो, आधी तारीख एक करा. भाव एकाच पद्धतीनं लावा. आणि कोणाचं कोणाकडे येणं असेल तर ते दोन्ही वह्यांत सारखं लिहा. एकाचं देणं ते दुसऱ्याचं येणं. कॅलेंडरचं मागचं पान घेतलं, उभ्या आडव्या रेघा मारल्या. डावीकडं नावं, वरती तीच नावं. कोणाकडून कोणाला.

आता अण्णांचा आकडा. अण्णांच्या वहीत, "आबांना दिले, ५ लाख." आबा शपथ घ्यायला तयार, "त्याचा रुपाया मला मिळाला न्हाय." वातावरण तापलं. अण्णा म्हणाले, "आईच्या नावानं पाठवलंवतं, शेतीला." तेवढ्यात आई दारातून आत आली. इतका वेळ ती तिथंच बसून ऐकत होती, आणि आम्हा चार शहाण्यांपैकी एकानंही कॅलेंडरवर तिचं नाव लिहिलं नव्हतं. ती म्हणाली, "माजं कुटं हाय ह्यात?"

आत जाऊन पिशवी घेऊन आली. त्यात पतसंस्थेचं पासबुक. अण्णांच्या ५ लाखांतले २ लाख तिनं आबांना बोअरसाठी हातात दिले होते, आणि ३ लाखांची ठेव ठेवली होती, ९ टक्क्यांनी. बोअरचे पैसे आईनं दिले म्हणून आबांच्या मते ते आईचे, अण्णांचे नव्हेतच. पण पासबुकावरचं पतसंस्थेचं नाव बघितलं आणि आबांचा चेहरा उतरला. बापू हसायला लागले. "आवं साहेब, ह्याच पतसंस्थेतनं आबानं कर्ज उचललंय!" किती? ३ लाख. व्याज? १४ टक्के.

आईनं जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे ह्यो माजंच पैसं वापरतोय, आन व्याज त्यास्नी देतोय?"

श्रोतेहो, मी आयुष्यभर ताळेबंद तपासले, पण वित्तीय मध्यस्थीची इतकी सोपी व्याख्या दुसरीकडं ऐकली नाही. अण्णांकडून आई, आईकडून पतसंस्था, पतसंस्थेकडून आबा. अण्णा म्हणत होते मी दिले, आबा म्हणत होते मला मिळाले नाहीत, आणि दोघंही आपापल्या वहीपुरते खरे होते. आईचा रकाना घातला तेव्हा कुठं पान जुळलं. घराची खरी मालमत्ता तीन वह्यांच्या बेरजेपेक्षा बरीच कमी निघाली. आबांना कर्ज पुरेसं तारण घेऊन दिलं होतं का, हा प्रश्न मी पतसंस्थेला नंतर विचारला. तो वेगळा विषय. पण ऑडिट वर्ग अ असे मोठमोठे फलक चौकात लावणाऱ्या संस्थांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा मूळ विषयाकडं येतो.

देशाच्या हिशेबातही तीच शिस्त लागते. तारीख एक, भाव लावायची पद्धत एक, आणि प्रत्येक व्यवहार दोन्ही बाजूंना, प्रत्येक बाजूला दोनदा, म्हणजे काय आलं आणि काय गेलं, असा चार ठिकाणी लिहायचा. ही शिस्त सांगणारी जागतिक नियमावली आहे, तिला एसएनए म्हणतात. पहिली १९५३ ची. सध्या देश वापरतात ती मुख्यतः २००८ ची, आणि २०२५ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं नवी मान्य केली. जी-२० चं कामही पुढं गेलंय. २०२२ पासूनच्या टप्प्यात नुसता घरांचा एकूण आकडा पुरत नाही, गरीब घरांकडं किती आणि श्रीमंतांकडं किती, हेही मागितलं आहे.

आपल्याकडची अडचण घरांच्या रकान्यात आहे. आपल्या राष्ट्रीय लेख्यांत घरं म्हणजे पगारदार तर आहेतच, पण द्राक्षबागायतदार, किराणा दुकानदार आणि गलाईवालेही त्यातच. आबा, बापू, अण्णा तिघंही एकाच रकान्यात. आणि घरांच्या बचतीतला बराच भाग थेट मोजला जात नाही. एकूण ठेवी, एकूण शेअर घ्यायचे, त्यातून कंपन्यांचं आणि सरकारचं वजा करायचं, उरलं ते घरांचं. उरलेलं ते घरांचं! आईला आम्ही विसरलो होतो, तसंच हे.

सप्टेंबर २०२३ मध्ये यावरून मोठी चर्चा झाली. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत २०२२-२३ सालची घरांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे ठेवी, शेअर वगैरेंतून नवं कर्ज वजा जाता उरलेली, जीडीपीच्या सुमारे ५ टक्क्यांवर आली होती. कोविडच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, ती ११ टक्क्यांच्या पुढं होती. काही म्हणाले लोक कंगाल झाले. अर्थ मंत्रालय म्हणालं, लोक घर आणि गाडीसाठी कर्ज घेतायत, म्हणून निव्वळ बचत कमी दिसते. आता यात कोण बरोबर, हे ठरवायला नुसता बचतीचा आकडा पुरत नाही. कर्ज कोणी घेतलं आणि त्यातून काय उभं राहिलं, तो ताळेबंद समोर लागतो, आणि तोही तिमाहीला. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असे गटवार ताळेबंद दर तिमाहीला प्रसिद्ध करते.

सोन्याचं एक सांगायलाच हवं, अण्णांच्या धंद्याला मान म्हणून. रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतलं सोनं या हिशेबात आर्थिक मालमत्ता धरतात. तुमच्या घरातल्या पाटल्या मात्र मौल्यवान वस्तू, वेगळ्या रकान्यात. धातू तोच.

घरांना थेट विचारायची पद्धत आपल्याकडं नवी नाही, आणि याचा सातारकरांना अभिमान वाटायला हरकत नाही. पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी १९३० च्या दशकात वाई तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या शेतीचा जमाखर्च तपासला. पुढं १९४९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली, तिच्यावर गाडगीळ होते. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीच्या समितीवरही होते. त्याच पाहणीतून पुढं कर्ज आणि गुंतवणूक पाहणीची परंपरा सुरू झाली. २०१९ मध्ये झालेल्या पाहणीत ग्रामीण घराची सरासरी मालमत्ता सुमारे १५ लाख ९२ हजार निघाली, शहरी घराची सुमारे २७ लाख १७ हजार. ग्रामीण घराच्या मालमत्तेचे जवळजवळ नऊ दशांश जमीन आणि इमारती. तेव्हा जमिनीचा भाव आबांसारखा लावला की बापूंसारखा, यावर सगळा आकडा हलतो. शाळेतून पावकी-निमकी गेली तेव्हापासून लोकांना दशांश म्हणजे किती हेच कळेनासं झालंय, पण तेही असो.

अशी पाहणी मध्ये बरीच वर्षं न जाता जास्त वेळा झाली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पाहणी करणारा मुलगा किंवा मुलगी कागद घेऊन दारात आली, तर तिला पाणी द्या, बसवा. ती इन्कम टॅक्सची माणसं नसतात. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याप्रमाणं तुम्ही दिलेली माहिती आकडेवारीच्या कामासाठीच वापरता येते. जमीन सांगा, उधारी सांगा, तारण ठेवलेला माल सांगा. आणि घरातल्या आजीला बाहेर बोलवा, तिच्या नावावर काय आहे ते तिलाच विचारू द्या.

नमस्कार.