ट्रेलरमधला हशा आणि चित्रपटातला हशा

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या निव्वळ येडपट विनोदी चित्रपटाचा ट्रेलर पाहून तुम्ही पोट धरून हसला आहात, आणि मग चित्रपट पाहताना नेमक्या त्याच जागांवर गप्प बसला आहात, असं कधी झालंय? माझं झालंय, आणि एकदाच नाही. विनोद येतोय हे आधीच कळतं, तो येतो, निघून जातो. चित्रपट संपल्यावर शेजारच्या रांगेतून कुणीतरी म्हणतंच, ‘चांगलं होतं ते सगळं ट्रेलरमध्येच दाखवलं होतं.’ ही तक्रार मला अर्धीच पटते. संवाद पाठ करून नव्हे, तर कॅमेऱ्यासमोर सुचेल तसं बोलून जे चित्रपट उभे राहतात, त्यांच्या बाबतीत तर ती पाव हिस्साच पटते. का, ते आज सांगतो.

नाटकातली मंडळी ज्याला ‘अ‍ॅडिशन घेणं’ म्हणतात, तीच ही गोष्ट. नाटकात पदरचं वाक्य टाकलं की ते जमलं की फसलं, हे समोरचा प्रेक्षक तिथल्या तिथे सांगतो. चित्रपटाच्या सेटवर मात्र सगळे ओठ दाबून उभे असतात, कारण कुणी हसलं तर टेक वाया जातो. म्हणून तिथे आधी लिहिलंय तसं दृश्य एक-दोनदा चित्रित करतात आणि मग नटांना मोकळं सोडतात. ‘अँकरमन’ या अमेरिकी विनोदी चित्रपटाचा दिग्दर्शक अ‍ॅडम मॅके तर कॅमेऱ्यामागून ओरडून नवनवी वाक्यं पुरवण्यासाठी प्रसिद्ध आहे. एकाच प्रश्नाला नट सात-आठ वेगवेगळी उत्तरं देतो. त्यातलं कोणतं ठेवायचं, हे पुढे संकलनाच्या टेबलावर ठरतं. चित्रपट चाचणीसाठी दाखवतात, प्रेक्षक कुठे हसले ते ऐकतात, आणि पडलेलं वाक्य काढून दुसऱ्या टेकमधलं वाक्य बसवून पाहतात.

आता ट्रेलरकडे या. तो बहुतेकदा वेगळीच माणसं बनवतात, आणि पुष्कळदा चित्रपटाचं संकलन चालू असतानाच बनवतात. त्यांच्या हाती कच्चं चित्रण असतं आणि अमेरिकेतल्या रूढ मर्यादेप्रमाणे वेळ असतो अडीच मिनिटांचा. ते त्या सात-आठ उत्तरांपैकी असं उत्तर उचलतात, जे मागचंपुढचं काहीही माहीत नसताना कळेल. चित्रपटाचा संकलक मात्र कथेत शोभणारं उत्तर निवडतो. म्हणून ट्रेलरमध्ये ऐकलेलं वाक्य चित्रपटात सापडत नाही, किंवा त्या जागी भलतंच काही ऐकू येतं. यात फसवणूक नाही. एकाच झाडाची दोन माणसांनी काढलेली ती फळं आहेत.

फसवणूक कधी होते, यावर अमेरिकेतल्या न्यायालयात वाद झाला आहे. ‘यस्टरडे’ या 2019 च्या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये एक अभिनेत्री दिसत होती आणि प्रत्यक्ष चित्रपटातून तिची भूमिका पूर्ण कापलेली होती. प्रत्येकी 3.99 डॉलर भरून चित्रपट पाहिलेल्या दोन प्रेक्षकांनी निर्मिती संस्थेवर दावा लावला. डिसेंबर 2022 मध्ये न्यायाधीशांनी म्हटलं की ट्रेलर हीसुद्धा जाहिरातच आहे, तेव्हा खोट्या जाहिरातीचा कायदा तिला लागू होऊ शकतो. मला हे रास्त वाटतं. दाखवलेलं माणूसच गायब असेल तर प्रेक्षकाने का सोसावं? पण हाच न्याय उत्स्फूर्त विनोदातल्या एकेका वाक्याला लावता येणार नाही. तिथे वाक्य बदलणं हीच तर कामाची रीत आहे.

ही रीत किती टोकाला जाते, ते ‘अँकरमन’वरूनच पाहा. 2004 मध्ये आलेला हा चित्रपट. सत्तरच्या दशकातलं सॅन दिएगो, टीव्हीवर बातम्या देणारा रॉन बरगंडी हा स्वतःवर बेहद्द खूश असलेला माणूस, आणि त्याच्या चमूत अचानक आलेली एक हुशार बाई. मूळ कथेत बँका लुटणाऱ्या टोळीचं एक मोठं उपकथानक होतं. ते सगळं काढून टाकलं, शेवट नव्याने चित्रित केला आणि प्राणिसंग्रहालयातल्या पांडाच्या बाळंतपणाची बातमी कथेच्या मध्यभागी आली. उरलेल्या चित्रणाचा साठा एवढा होता, की त्यातून त्याच वर्षी डीव्हीडीसाठी अख्खा दुसरा चित्रपट तयार झाला. पुढे 2013 मध्ये दुसरा भाग आला. त्याचीच एक लांबलेली आवृत्ती काही आठवड्यांनी चित्रपटगृहांत लागली आणि तिची जाहिरात होती, ‘763 नवे विनोद’! कथा तीच, माणसं तीच, बदलले ते विनोद.

या आकड्यावर मी बराच विचार केला आहे. एका चित्रपटातले शेकडो विनोद उपसून त्या जागी दुसरे भरता येत असतील आणि तरी तो चित्रपट ओळखू येत असेल, तर त्याची जान त्या विनोदांत नाही. ती पात्रांत आहे. आणि पात्र ओळखीचं व्हायला वेळ लागतो. अडीच मिनिटांत पात्र ओळखीचं होत नाही, फक्त दिसतं.

ब्रिक नावाचा हवामानाच्या बातम्या देणारा एक भाबडा माणूस आहे ‘अँकरमन’मध्ये. स्टीव्ह करेलने तो साकारलाय. रॉन प्रेमात पडलेला असतो आणि सहकाऱ्यांना प्रेमाबद्दल भारावून सांगत असतो. ब्रिकलाही त्यात सामील व्हायचं असतं. तो म्हणतो, माझं गालिच्यावर प्रेम आहे. मग म्हणतो, टेबलावर आहे. रॉन अत्यंत गंभीरपणे, जराही न चिडता विचारतो, बाबा रे, तू कचेरीत दिसेल त्या वस्तूचं नाव घेतोयस का? आणि ब्रिक तेवढ्याच मनापासून सांगतो, माझं दिव्यावर प्रेम आहे. याचा तीन सेकंदांचा तुकडा कापा, एक वेडगळ वाक्य हाती लागेल. चित्रपटात ते पाहताना मात्र मी दर वेळी हसतो आणि मला ब्रिकची मायाही वाटते. कारण या माणसाला आसपास काय चाललंय ते कधीच कळत नाही, पण चौघांत मागे राहायचं नसतं, हे तोवर आपण पाहिलेलं असतं.

शिवाय रॉनचा तो गंभीर प्रश्न! खरं श्रेय त्याचं आहे. शिकागोत 1959 मध्ये सुरू झालेल्या सेकंड सिटी या उत्स्फूर्त विनोदाच्या रंगमंचावर मॅके घडला, करेलही तिथलाच. रॉन झालेला विल फेरेल लॉस एंजेलिसच्या ग्राउंडलिंग्ज या मंडळीतून आला. अशा ठिकाणी पहिला धडा असा असतो, की समोरच्याचं बोलणं उडवून लावायचं नाही. ते खरं मानायचं आणि त्यात आपली भर घालायची. रॉनने ‘काहीतरीच काय’ म्हणून विषय संपवला असता, तर दिवा उजळलाच नसता.

तेव्हा ‘अँकरमन’ ट्रेलरला जागतो का? माझ्या मते जागतो. 94 मिनिटांचा आहे, रॉनची नोकरी गेल्यानंतरचा भाग रेंगाळतो, काही अ‍ॅडिशन वाक्यभर लांबल्यात. पण माणसं शेवटपर्यंत आपापल्या मूर्खपणाला धरून राहतात. दुसरा भाग 119 मिनिटांचा, आणि तिथे मला संकलकाच्या कात्रीची फार आठवण आली. सुचलेलं प्रत्येक उत्तर ठेवावंसं वाटणं मी समजू शकतो, पण ऐकणाऱ्यालाही श्वास घ्यायचा असतो. त्याच्या ट्रेलरमध्ये ती कात्री होती, आणि म्हणून तिथे ट्रेलर वरचढ ठरला.

मी स्वतः आता अशा चित्रपटाचा ट्रेलर एकदाच पाहतो. एवढंच पाहतो, की विनोद झाल्यावर कॅमेरा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर थांबतो का. थांबला, की मी तिकीट काढतो.

नमस्कार.