खुर्ची फिरते, तशी ओढही फिरते

(दृश्य : पत्र्यातली चार भोकं, अगदी जवळून.)

ही भोकं पाडली तेव्हा गोल होती. आता लांबट झालीत, कडा वर उचलल्या गेल्यात. इथे मासेमारीच्या बोटीतली फिरती खुर्ची चार स्क्रूंवर उभी होती. एका हिसक्यात ती उपटली आणि बसणारा मागच्या मागे आडवा झाला. नशीब, बोटीतच पडला. तो बसणारा मीच.

छोट्या अॅल्युमिनियम बोटीत आडव्या बाकाचा पत्रा साधारण दीड-दोन मिलिमीटर जाड असतो. स्क्रूचा जेमतेम एखादा आटा त्यात धरतो. नुसतं बसून राहिलं तर तेवढ्यावरही भागतं, कारण वजन सरळ खाली जातं. मासा लागला की माणूस मागे रेलतो आणि सगळा हिशेब बदलतो. खुर्चीखालच्या तबकडीच्या भोकांमधलं अंतर सुमारे 13 सेंटिमीटर. 80 किलोच्या माणसाचा भार मागच्या बोल्टांच्या पलीकडे 15 सेंटिमीटर गेला, तरी पुढच्या दोन बोल्टांवर मिळून नव्वदेक किलोची वर ओढ येते. लाटेचा हिसका वेगळाच. शिवाय खुर्ची फिरते, त्यामुळे ही ओढही फिरते. आज पुढचे दोन, उद्या डावीकडचे दोन. चारांपैकी एकही बोल्ट कच्चा ठेवून चालत नाही.

म्हणून आरपार बोल्ट, आणि खाली पत्र्याला आधार. नुसते वायसर पुरत नाहीत. पाच-सहा मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी, तबकडीपेक्षा चारही बाजूंनी थोडी मोठी, पत्र्याच्या खालून लावायची. मग ओढ चार टिंबांवर न येता अख्ख्या पट्टीवर पसरते.

(दृश्य : बाकाच्या खालून टॉर्चचा उजेड.)

अडचण इथेच आहे. बऱ्याच बोटींत बाकाच्या पोटात फोम भरलेला असतो. नट धरायला हात पोचत नाही. फोम कोरून काढायचा मोह होतो. काढू नका. बोट पाण्याने भरली तरी तिला तरंगत ठेवणारा तोच असतो. अशा वेळी बाकावर रुंद, जाड पट्टी ठेवायची, तिच्या कडा पुढच्या-मागच्या उभ्या पत्र्यांवर वाकवायच्या, जिथे आतून हात पोचतो तिथे बोल्ट मारायचे आणि खुर्ची त्या पट्टीवर बसवायची. काम वाढतं, पण मला तरी हीच रीत पटते.

आता तबकडी. ती दोन चौकोनी पत्र्यांची असते, मधे छर्रे. वरचा पत्रा खालच्या भोकांवर आलेला असतो. पहिल्यांदा हातात घेणारा हमखास गोंधळतो, बोल्ट घालायचा कुठून? वरचा पत्रा अर्धवट, साधारण 45 अंशांत फिरवा. चारही कोपरे उघडे पडतात.

भोक पाडण्याआधी पंच, म्हणजे टोकदार खिळ्यासारखं हत्यार, ठोकून खूण करा, नाहीतर ड्रिलचं बिट घसरतं. आधी बारीक बिट, मग सहा मिलिमीटरच्या बोल्टसाठी साडेसहाचं. कडा कानशीने साफ करा, चुरा सगळा वेचा.

(दृश्य : जुन्या बोल्टभोवती पांढरी पूड.)

ही पूड म्हणजे खाल्लं गेलेलं अॅल्युमिनियम. दोन वेगळे धातू ओल्यात एकमेकांना टेकले की त्यातला एक झिजतो, आणि इथे झिजणारा नेहमी अॅल्युमिनियमच. खाऱ्या पाण्यात हे झपाट्याने होतं. बोल्ट स्टेनलेसचेच घ्या. पितळ, तांबं लांब ठेवा. तबकडी बहुधा साध्या स्टीलची असते, म्हणून तिच्या आणि पत्र्याच्या मधे प्लास्टिकची चकती. स्वयंपाकघरातला भाजी चिरायचा प्लास्टिकचा पाट कापून घेतला तरी काम होतं. भोकात मरीन सिलंट, म्हणजे बोटींसाठीची फटी बुजवणारी लुगदी, भरा. आधाराला लाकूड वापरणार असाल, तर वाळवी-बुरशी लागू नये म्हणून तांब्याची रसायनं मुरवलेलं नको. ते ओलं झालं की पत्रा पोखरतं. इपॉक्सी राळेने सगळ्या कडा बंद केलेलं मरीन प्लाय, म्हणजे बोटींसाठीचं प्लायवूड, चालेल.

नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, सहसा सैल न होणारा नट, हाताच्या पान्यानेच आवळा. स्टेनलेसवर स्टेनलेस मशीनने जोरात फिरवलं की आटे एकमेकांत अडकतात, मग ना पुढे ना मागे. थेंबभर ग्रीस आधीच लावलेलं बरं.

उंच दांड्यावरची खुर्ची मी लावत नाही. दिसायला ऐटदार, पण छोट्या बोटीत माणूस जेवढा उंच, तेवढी बोट डचमळते. आणि उंच खुर्चीत बसून इंजिन पळवायचं तर नाहीच.

(दृश्य : पाठ धरून खुर्ची चारही दिशांना हलवणारा हात.)

पहिल्या फेरीनंतर चारही नटांवर पुन्हा पाना लावा. प्लास्टिक थोडं दबलेलं असतं. माझा एक नट अर्धा फेरा फिरला.